रंगाआधी प्लॅस्टिकची ओळख हवी

प्रति,
मा. संपादक,
वाचकांचा पत्रव्यवहार विभाग

विषय : मोटारीच्या प्लॅस्टिकच्या बाह्य भागांना बॉडीचा रंग देण्याबाबत

महोदय,

मोटारीचे काळे-करडे प्लॅस्टिकचे भाग बॉडीच्या रंगात रंगवून घेण्यासंबंधी आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक पुरवणीत आलेला लेख वाचला. जुन्या गाडीला नवे रूप देण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे, त्याला रंगाचे दोन डबे आणि एक मोकळी दुपार एवढेच लागते, असा त्या लेखाचा सूर होता. गाडी खुलून दिसते हे खरे आहे, आणि रंगकाम दुपारभरात होते हेही खरे आहे. परंतु दिलेला रंग काही महिन्यांत का सुटतो, याविषयी लेखात अवाक्षर नव्हते. या कामात एकदा पुरता पोळलेला वाचक म्हणून ती उणीव भरून काढण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझ्या गाडीच्या दारांवरच्या आडव्या पट्ट्या आणि बंपरचे खालचे काठ कारखान्यातूनच काळ्या, दाणेदार प्लॅस्टिकचे आले होते. काही वर्षांच्या उन्हाने त्यांचा काळेपणा उतरून राखाडी कळा आली, तेव्हा त्यांना गाडीचाच रंग द्यावा आणि त्याच फेऱ्यात आरशांची काळी टोपणेही रंगवून घ्यावीत असे मनात आले. काम एका अनुभवी कारागिराकडे दिले. त्याने सगळे भाग सुटे केले, धुतले, घासले, प्रायमर म्हणजे रंगाखालचा थर दिला, एकाच दिवशी एकाच गनमधून सर्वांवर रंगाचे हात दिले आणि वरून क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक संरक्षक थर, मारला. काम देखणे झाले होते. कुठे ओघळ नव्हता, धुळीचा कण अडकलेला नव्हता. चार-पाच महिन्यांनी गाडी धुताना पाण्याचा जोराचा फवारा दाराच्या पट्टीच्या टोकावर पडला. तिथे खडा लागून रंगाचा बारीकसा टवका उडालेला होता. त्यातून पाणी आत शिरले आणि तळहाताएवढा पापुद्रा एकसंध उचलला गेला. बोटाने ओढून पाहिले, तर सापाने कात टाकावी तसा पुढच्या पट्टीवरचा रंगही सुटत गेला.

तो पापुद्रा मी फेकून दिला नाही. उन्हात धरला तेव्हा त्याची बाहेरची बाजू चकचकीत होती आणि आतल्या, प्रायमरच्या बाजूवर प्लॅस्टिकच्या दाण्याचा हुबेहूब ठसा उमटलेला होता. त्यावर प्लॅस्टिकचा कणही चिकटून आला नव्हता आणि पट्टीवर रंगाचा मागमूस नव्हता. याचा अर्थ असा की रंग पृष्ठभागाच्या प्रत्येक खळग्यात उतरला होता, तिथे नीट वाळलाही होता, पण त्याने पकड कुठेच घेतलेली नव्हती. आरशांची टोपणे मात्र आजही ठणठणीत आहेत. नखाने खरवडले तरी काठ सुटत नाही. रंगाला दोष द्यावा तर ही टोपणे आड येतात, कारागिराच्या हाताला द्यावा तरी तीच आड येतात. फरक होता तो खालच्या प्लॅस्टिकमध्ये, आणि ते कोणते आहे हे ना मी विचारले होते ना त्याने पाहिले होते.

ते पाहणे अवघड नसते, हे मला नंतर कळले. बहुतेक मोठ्या भागांच्या आतल्या बाजूला, दोन कोनी कंसांच्या मध्ये, त्या प्लॅस्टिकची खूण साच्यातच उठवलेली असते. माझ्या पट्टीच्या पाठीवर पीपी, अधिक चिन्ह, ईपीडीएम आणि पुढे टीडी २० अशी अक्षरे होती: पॉलिप्रॉपिलीन, त्यात ईपीडीएम रबर आणि २० टक्के टाल्कची भुकटी. आरशाच्या टोपणावर नुसते एबीएस, म्हणजे वेगळ्याच जातीच्या टणक प्लॅस्टिकचे नाव होते. जिथे खूण सापडत नाही, तिथे मागच्या बाजूची एक बारीक कपची काढून पाण्यात टाकण्याची युक्ती काही जण सांगतात. पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलके असल्याने तरंगते आणि एबीएस बुडते. युक्ती चांगली आहे, पण तिच्यावर विसंबण्यात एक मेख आहे. निव्वळ पॉलिप्रॉपिलीनची घनता ०.९ च्या आसपास असली, तरी २० टक्के टाल्क मिसळले की ती १ च्या पुढे जाते आणि तीच कपची पाण्यात बुडून आपण एबीएस असल्याचा बहाणा करते. माझ्या पट्टीच्या कपचीने नेमके हेच केले असते.

हा फरक एवढा महत्त्वाचा का, हे थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. कोणताही द्रव एखाद्या पृष्ठभागावर पसरायचा असेल, तर त्या पृष्ठभागाची ऊर्जा द्रवाच्या पृष्ठताणापेक्षा जास्त असावी लागते. पॉलिप्रॉपिलीनची पृष्ठऊर्जा दर मीटरला सुमारे ३० मिलिन्यूटन, एबीएसची ४० च्या घरात, तर पाण्याचा पृष्ठताण ७२. पॉलिप्रॉपिलीनवर पाण्याचे गोल मोती होतात ते यामुळे, आणि साधा रंग त्यावर अनिच्छेने बसतो तोही यामुळेच. शिवाय त्याच्या रेणूंमध्ये रंगाने धरून ठेवावे असे काही नसते, आणि एबीएसला रंगातले द्रावक जसे किंचित मऊ करून आत शिरू देते तसेही इथे सहजासहजी घडत नाही. कारखान्यात यासाठी बंपरवरून गॅसची ज्योत क्षणभर फिरवतात. तेवढ्याने वरच्या थराला ऑक्सिजन जोडला जातो आणि रंगाला धरायला काहीतरी मिळते. कार्यशाळेत त्याऐवजी ॲढिजन प्रमोटर नावाचा पातळ, बहुधा पारदर्शक द्रव वापरतात. त्यात क्लोरीनयुक्त पॉलिओलेफिन असते. त्याचा स्वभाव अर्धा खालच्या प्लॅस्टिकसारखा आणि अर्धा वरच्या रंगासारखा असल्याने ते दोघांच्या मध्ये दुभाष्याचे काम करते. माझ्या पट्ट्यांवर हा दुभाषाच नव्हता. साधा प्रायमर होता, आणि प्रायमर म्हटले की पकड आलीच अशी आपली समजूत असते.

आता धुण्या-पुसण्याविषयी. रंगकामाचा सगळ्यांत कंटाळवाणा आणि सगळ्यांत निर्णायक भाग हाच आहे. काळ्या प्लॅस्टिकला आपण वर्षानुवर्षे चमक आणणारे द्रव चोळत असतो आणि त्यांपैकी अनेकांत सिलिकॉन असते. ते दाण्याच्या खाचांत जाऊन बसते आणि त्यावर रंग मारला की रंग जागोजागी मागे सरून बारीक गोल खड्डे पडतात. कारागीर त्यांना फिश आय म्हणतात. आधी कोरडे घासून मग धुणे ही इथली नेहमीची चूक आहे, कारण घासताना तेच सिलिकॉन पृष्ठभागात आणखी खोल रगडले जाते. म्हणून क्रम असा हवा, की प्रथम साबणाचे कोमट पाणी आणि ब्रश, नंतर मेण-तेल काढणारे द्रावक एका फडक्याने लावून ते वाळण्याआधीच दुसऱ्या स्वच्छ फडक्याने टिपून घेणे, मग करड्या अपघर्षक पॅडने पाण्यासह घासणे आणि शेवटी पुन्हा तेच द्रावक. घासून झाल्यावर पृष्ठभागावर पाणी ओतून पाहावे. ते सलग पातळ पडद्यासारखे ओघळले तर ठीक, जागोजागी फाटून थेंब झाले तर मळ अजून आहे. (कोऱ्या पॉलिप्रॉपिलीनवर स्वच्छ असूनही पाणी काहीसे फाटतेच, त्यामुळे इथे नजर सरावाची लागते.) उन्हाने राखाडी झालेल्या भागाचे आणखी एक दुखणे असते. त्याचा वरचा थर कुजून भुसभुशीत झालेला असतो, आणि तो घासून काढला नाही तर प्रमोटर त्या भुशालाच घट्ट धरतो. मग रंग सुटतो तो भुशासकट.

प्रमोटर लावण्यात मोठी कला नाही, पण शिस्त आहे. तो पातळ लावायचा, डब्यावर सांगितलेला वेळ थांबायचे आणि सांगितलेल्या मुदतीच्या आत वरचा थर द्यायचा. घट्ट आणि ओला थर दिला म्हणजे पकड जास्त, हा हिशेब इथे उलटा पडतो. सगळ्याच प्लॅस्टिकवर खबरदारी म्हणून तो मारावा, ही सूचनाही मला पटत नाही. एबीएसला सहसा त्याची गरज नसते आणि जहाल द्रावकाने एबीएसच्या पृष्ठभागावर बारीक तडे जाऊ शकतात. नवा सुटा भाग आणला असेल तर तो कोरा आहे की कारखान्याचा प्रायमर दिलेला आहे, हे आधी पाहावे. प्रायमर दिलेल्या भागाला प्रमोटर लागत नाही, पण घासता घासता कडेला कोरे प्लॅस्टिक उघडे पडले तर तेवढ्या जागेला तो पुन्हा द्यावा लागतो. रंग सुटायला सुरुवात बहुधा कडेपासूनच होते.

दाणेदार पृष्ठभागावर बॉडीचा रंग दिला की तो रंगीत दाणा दिसतो, बॉडीसारखा गुळगुळीत पत्रा दिसत नाही. पुरवणीतील छायाचित्रात जो भाग आरशासारखा दिसत होता, तो एकतर मुळात गुळगुळीत असावा किंवा त्याचा दाणा घासून, जाड प्रायमरने भरून पुन्हा घासलेला असावा. पॉलिप्रॉपिलीन कोरडे घासले की त्याला लव सुटते आणि ही लव रंगाखाली खरखरीत उमटते. तेव्हा हे काम दुपारभराचे राहत नाही.

लवचिकतेचा प्रश्न वेगळा आहे आणि तो उन्हाशी निगडित आहे. निव्वळ पॉलिप्रॉपिलीनची १ मीटर लांबीची पट्टी तापमान ५० अंशांनी वाढले तर सुमारे ५ मिलिमीटरने लांबते, तर तेवढेच पोलाद अर्ध्या मिलिमीटरहून थोडे अधिक. टाल्क घातले की हा फरक कमी होतो, पण मिटत नाही. म्हणजे पत्र्यावर जो रंग निवांत बसून असतो, त्यालाच प्लॅस्टिकवर रोज ताणावे आणि आक्रसावे लागते, आणि बंपरला कुणाचा गुडघा टेकला तर वाकावेही लागते. त्यासाठी प्रायमरमध्ये किंवा क्लिअर कोटमध्ये लवचीकपणा आणणारे मिश्रण घालण्याची पद्धत आहे. काही नव्या क्लिअर कोटना ते वेगळे घालावे लागत नाही. काय घालायचे हे त्या रंगाच्या माहितीपत्रकात पाहावे, अंदाजाने घालू नये, कारण ते जास्त झाले तर थर मऊ राहतो आणि ओरखडे पटकन उमटतात.

रंग जुळण्याबाबत लेखकाने दाराच्या चौकटीवरील पट्टीवरचा रंगाचा क्रमांक पाहावा एवढेच सांगितले आहे. क्रमांक हवाच, पण तो प्रवासाची सुरुवात आहे. एकाच क्रमांकाच्या अनेक छटा असतात, गाडीचा मूळ रंग उन्हाने बदललेला असतो आणि मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमच्या चकत्या कशा आडव्या-तिरप्या बसतात यावर छटा ठरते. तोच रंग गनचा दाब जास्त ठेवून कोरडा मारला तर उजळ दिसतो, ओला मारला तर गडद. समोरून जुळलेला रंग बाजूने पाहिल्यावर परका वाटतो तो यामुळे. चंदेरी रंग यात सर्वांत छळतो. कारखान्यालाही यातून सुटका नाही. पत्र्याची बॉडी १४० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजली जाते, एवढी उष्णता बंपर सोसत नाही, म्हणून तो बहुधा वेगळीकडे, वेगळ्या रंगाने, ८० ते ९० अंशांवर भाजला जातो. कोऱ्या करकरीत गाडीचा बंपर आणि शेजारचे मडगार्ड उन्हात नीट न्याहाळले तर पुष्कळदा किंचित फरक दिसतो. तेव्हा पट्टीला रंग देण्याआधी एका पत्र्याच्या तुकड्यावर क्लिअर कोटसकट नमुना मारून तो गाडीशेजारी उन्हात आणि सावलीत, दोन्हीकडे धरून पाहण्याचा आग्रह ग्राहकाने धरावा.

मुळात काय रंगवावे, याविषयी माझे मत लेखकापेक्षा वेगळे आहे. १९६८ च्या पॉन्टियाक जीटीओवर पुढचा बंपर बॉडीच्या रंगात आला आणि पुढच्या दोन दशकांत ती चाल सर्वत्र रुळली. परंतु १९७२ च्या रेनो ५ ने करड्या, न रंगवलेल्या प्लॅस्टिकचे बंपर दिले ते गाडी उभी करताना लागणारे धक्के-ओरखडे मुकाट सोसण्यासाठी. चाकांवरच्या कमानी आणि दाराखालचे पाट आजही काळे असतात त्यामागे खर्चाची बचत आहे, तशी हीदेखील सोय आहे. टायर तिथे सतत खडे फेकत असतो. काळ्या प्लॅस्टिकचा रंग आरपार असल्याने टवका दिसत नाही, त्यातले काजळीसारखे कार्बन उन्हालाही काही काळ थोपवते. पांढऱ्या रंगाखालून मात्र प्रत्येक काळा ठिपका डोळ्यांत भरतो. आरशांची टोपणे, दारांच्या मुठी, बंपरचा वरचा भाग खुशाल रंगवावा. चाकांच्या कमानींना मी पुन्हा रंग देणार नाही.

नव्या गाड्यांत आणखी एक अडचण असते. बंपरच्या आड किंवा पुढच्या बोधचिन्हामागे रडार बसवलेले असते आणि ते बहुधा ७७ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करते. त्यावर पुट्टी, रंगाचे अनेक थर किंवा मेटॅलिक चकत्या चढल्या तर लहरी अडखळतात. गाडी मागे घेताना सूचना देणाऱ्या सेन्सरच्या गोल चकतीवर जाड रंग बसला तर तोही बहिरा होऊ शकतो. गाडीच्या निर्मात्याने याबाबत काय मर्यादा घातल्या आहेत, हे पाहिल्याशिवाय त्या जागांना हात लावू नये.

लेखातील एका वाक्याला मात्र स्पष्ट हरकत घ्यावीशी वाटते. घरच्या गॅरेजमध्ये, तोंडावर रुमाल बांधून क्लिअर कोट मारावा, असे त्यात सुचवले आहे. हार्डनर, म्हणजे थर टणक करणारे रसायन, मिसळून मारायच्या क्लिअर कोटमध्ये बहुधा आयसोसायनेट असतात. हे पदार्थ श्वसनमार्गाला असे संवेदनशील करू शकतात, की पुढे अगदी अल्प मात्रेनेही दम्याचा झटका यावा, आणि एकदा जडलेली ही संवेदनशीलता सहसा जात नाही. रुमाल तर सोडाच, धुळीचा साधा मास्कही त्यांना अडवत नाही. रंगकामाच्या बूथमध्ये बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा वापरतात तो यासाठीच. डब्याच्या तळाची कळ फोडून हार्डनर मिसळायचे जे स्प्रे मिळतात, त्यांनाही हेच लागू आहे. घरी करायचेच असेल तर ज्यात आयसोसायनेट नाहीत असे एका घटकाचे स्प्रे वापरावेत, तेही उघड्या हवेत, द्रावकाच्या वाफांना साजेसा मुखवटा लावून. थर जरा कमी टणक होईल, एवढेच.

कार्यशाळांना एक विनंती करावीशी वाटते. बिलावर नुसते 'ट्रिम रंगकाम' न लिहिता भागाच्या पाठीवरची खूण आणि वापरलेल्या प्रमोटरचे नाव या दोन गोष्टी लिहाव्यात. पुढे रंग सुटला तर वाद घालायला नाही, तर दुरुस्ती कुठून सुरू करायची हे कळायला त्याचा उपयोग होईल. माझ्या पट्ट्या दुसऱ्यांदा रंगवल्या तेव्हा त्याच कारागिराने हे केले. त्याने आधी पट्टीच्या आतल्या, न दिसणाऱ्या काठावर रंग देऊन, तो पुरता वाळल्यावर ब्लेडने सहा आडव्या आणि सहा उभ्या रेघा ओढल्या, त्यावर चिकटपट्टी दाबून बसवली आणि ती खेचून काढली. पंचवीसच्या पंचवीस चौकोन जागच्या जागी राहिले, तेव्हाच बाहेरच्या बाजूला गन लावली.

जागेअभावी पत्र कापावे लागले तर बाकी काहीही कापावे, पण आयसोसायनेटसंबंधीचा परिच्छेद तेवढा ठेवावा आणि पुरवणीच्या पुढील अंकात रुमालाच्या त्या वाक्याची दुरुस्ती छापावी.

आपला,
एक नियमित वाचक